हस्तिदंताच्या पट्ट्या, बिडाची चौकट : मुंबईतला जुना ग्रँड पियानो कसा वाचावा?

१/
मुंबईत जुना ग्रँड पियानो शोधणाऱ्याची पावले केव्हा ना केव्हा मटण स्ट्रीटकडे, म्हणजेच चोर बाजाराकडे वळतात. या बाजाराची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. व्हिक्टोरिया राणीचे व्हायोलिन जहाजातून उतरवताना गहाळ झाले आणि लवकरच इथल्या एका दुकानात विक्रीला आलेले सापडले, असे सांगतात. गोष्ट रंजक आहे. पण व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानात कधी पाऊलच ठेवले नव्हते. जुन्या बाजारात वस्तूबरोबर गोष्टही विकली जाते, एवढे मात्र या आख्यायिकेवरून नक्की कळते.

२/
पियानोच्या बाबतीत अशा गोष्टींना तोटा नसतो. ‘गव्हर्नरच्या बंगल्यातला’, ‘संस्थानिकांच्या दरबारातला’, ‘दीडशे वर्षांचा’ अशी विशेषणे किमतीत भर घालतात. परंतु पियानो ही स्वतःविषयी बरेच काही सांगणारी वस्तू आहे. त्याचे लाकूड, बीड, तारा, पट्ट्या आणि आकडे नीट तपासले, तर विक्रेत्याची कहाणी कुठवर टिकते ते कळते. इतिहासाचा अभ्यासक कागदपत्रांची करतो तीच साधनचिकित्सा इथे करावी लागते. आणि ती करताना एक अनपेक्षित गोष्ट हाती येते. या वाद्याचा मुंबईशी संबंध ते इथल्या दिवाणखान्यात येण्यापुरता नाही. त्याच्या घडणीतही या बंदराचा वाटा आहे.

३/
आधी वाद्याचे मूळ. इटलीतील फ्लॉरेन्स येथे मेदिची घराण्याच्या सेवेत असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवले. त्यापूर्वीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाई. त्यामुळे बोटाचा दाब कमी-अधिक केला तरी आवाजात फारसा फरक पडत नसे. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडीचा आघात करून ती हातोडी लगेच मागे घेणारी यंत्रणा योजली. हळू आणि मोठा असे दोन्ही आवाज निघू लागले, आणि ‘पियानो’ व ‘फोर्ते’ या इटालियन शब्दांवरून वाद्याला नाव मिळाले. त्याने घडवलेले केवळ तीन पियानो आज शिल्लक आहेत. ते न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिग येथील संग्रहालयांत आहेत.

४/
क्रिस्तोफोरीच्या पियानोची चौकट लाकडाची होती. एकोणिसाव्या शतकात सभागृहे मोठी झाली, आवाज मोठा हवासा झाला, तारा जाड आणि अधिक ताणाच्या झाल्या. तो ताण लाकडाला पेलेना. १८२५ मध्ये बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने चौकोनी पियानोसाठी एकसंध बिडाच्या चौकटीचे पेटंट घेतले आणि १८४३ मध्ये जोनास चिकरिंगने ती ग्रँड पियानोसाठी आणली. आधुनिक ग्रँडमध्ये सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. झाकण उघडल्यावर दिसणारी ती सोनेरी रंगाची बिडाची चौकट हा भार पेलत असते. आवाजाच्या या ताकदीमागे कारखानदारी युगाचा ओतीव धातू आहे.

५/
१८५३ हे वर्ष लक्षात ठेवावे. त्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये स्टाइनवे, बर्लिनमध्ये बेखस्टाइन आणि लाइपझिगमध्ये ब्लूटनर हे तीन मोठे पियानो कारखाने सुरू झाले. लंडनचे ब्रॉडवूड तर त्याही आधीपासून नावाजलेले होते. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोप ते मुंबई हा जलमार्ग कितीतरी आखूड झाला. जड, नाजूक आणि महागडे वाद्य इतक्या दूर पाठवणे त्यानंतर बरेच सोपे झाले.

६/
आता वाद्याच्या वाचनाकडे. पहिली खूण तारांची. जुन्या ग्रँडमध्ये सगळ्या तारा एकमेकींना समांतर जातात. स्टाइनवेने १८५९ मध्ये ग्रँडसाठी खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या नेण्याचे पेटंट घेतले आणि पुढे हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. मात्र समांतर तारा दिसल्या म्हणजे वाद्य १८५९ पूर्वीचेच, असे म्हणता येत नाही. काही इंग्रज आणि फ्रेंच कारखान्यांनी जुनी मांडणी त्यानंतर अनेक दशके चालू ठेवली. दुसरी खूण पट्ट्यांची संख्या. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या असतात; एकोणिसाव्या शतकातल्या अनेक पियानोंना ८५ आढळतात. एकेक खूण काळ ठरवत नाही. चार खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या, की मगच निष्कर्ष काढावा.

७/
सर्वांत मोलाची खूण म्हणजे अनुक्रमांक. तो बहुधा खुंट्यांजवळ बिडाच्या चौकटीवर, ध्वनिफलकावर किंवा आतल्या लाकडावर असतो. मोठ्या कारखान्यांच्या क्रमांकांच्या वर्षवार याद्या उपलब्ध आहेत. त्यांवरून निर्मितीचे वर्ष बहुतेक वेळा कळते. पण क्रमांकही समजून वाचावा लागतो. स्टाइनवे कंपनीने विकलेल्या पहिल्या पियानोचा क्रमांक ४८३ होता, कारण कंपनीच्या संस्थापकाने जर्मनीत असताना घडवलेल्या ४८२ वाद्यांपासूनच मोजणी धरली होती. अभिलेखातील शकवर्ष वाचताना गणना कुठून सुरू झाली हे पाहावे लागते; इथेही तेच.

८/
पट्ट्यांवरच्या झाकणावर सोनेरी अक्षरांत लिहिलेले नाव हा मात्र कच्चा पुरावा आहे. ते नाव पुसून दुसरे लिहिता येते. शिवाय अनेक व्यापारी दुसऱ्याच्या कारखान्यात तयार झालेल्या पियानोवर आपले नाव घालत असत. तरीही विक्रेत्याचे नाव निरुपयोगी नसते. त्यावरून वाद्य मुंबईत कोणाच्या हस्ते आले ते कळते. धोबी तलाव परिसरात परंपरा असलेले आणि १८६५ पासूनचा वारसा सांगणारे फुर्टाडोज हे दुकान आजही वाद्ये विकते. अशा एखाद्या पेढीची पितळी पट्टी जागेवर असेल, तर ती जपावी. घासून चकचकीत करण्याच्या भरात अक्षरे जाऊ देऊ नयेत.

९/
आता पांढऱ्या पट्ट्या. चांगल्या जुन्या पियानोच्या लाकडी पट्ट्यांवर हस्तिदंताचे पातळ पत्रे चिकटवलेले असत. हस्तिदंत बोटाचा घाम शोषतो, बोट घसरत नाही, म्हणून वादकांना तो प्रिय. बहुतेक वेळा प्रत्येक पट्टीवर दोन तुकडे असतात : पुढचा रुंद आणि काळ्या पट्ट्यांमधून मागे जाणारा अरुंद. त्यांच्या सांध्याची केसासारखी आडवी रेघ दिसते. उजेडात तिरपे पाहिले, की लाकडासारखे बारीक रेषांचे पोत दिसतात आणि कालांतराने रंग पिवळसर होतो. सेल्युलॉइडचा पत्रा सहसा एकसंध असतो आणि त्याचा पोत फारच एकसारखा दिसतो.

१०/
हा हस्तिदंत आला कुठून? पियानोच्या पट्ट्यांसाठी पूर्व आफ्रिकेतला मऊ जातीचा दात विशेष पसंत केला जाई आणि त्याची मोठी बाजारपेठ झांझिबार बेटावर होती. ओमानच्या सय्यद सईदने १८४० च्या सुमारास आपली राजधानी मस्कतहून तिथे हलवली. तिथल्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. एकोणिसाव्या शतकात झांझिबारचा बराच हस्तिदंत गलबतांतून मुंबईला येई. काही इथे बांगड्यांसाठी आणि कोरीव कामासाठी राही, उरलेला प्रतवारी करून लंडनच्या लिलावांकडे रवाना होई. पुढे अमेरिकन व्यापाऱ्यांनी कनेक्टिकटमधील डीप रिव्हर आणि आयव्हरीटन येथील पट्ट्यांच्या कारखान्यांसाठी थेट झांझिबारहून माल उचलला.

११/
म्हणजे मुंबईच्या एखाद्या दिवाणखान्यात इंग्लंडहून पियानो येण्याआधी, त्याच्या पट्ट्यांसाठीचा दात मुंबईच्याच धक्क्यावरून इंग्लंडला गेलेला असण्याची शक्यता होती. या मालाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत हे दात माणसांच्या खांद्यांवरून येत. टिप्पू टिप याच्यासारखे व्यापारी हस्तिदंत आणि गुलाम या दोन्हींच्या व्यापारात होते. हत्तींचे कळप संपत गेले तसे तांडे आणखी आत सरकत गेले. सुसंस्कृत घराचे प्रतीक मानलेल्या या वाद्याच्या बावन्न पांढऱ्या पट्ट्यांमागे ही सगळी वाट आहे.

१२/
म्हणूनच आज या पट्ट्या कायद्याचाही विषय आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. त्यात १९८६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेला आफ्रिकी हस्तिदंतही त्या कक्षेत आला. जुना आहे, वारशाने आला आहे, एवढ्याने विक्री निर्वेध होत नाही. त्यामुळे पट्ट्या हस्तिदंती असल्याची शंका आली, तर पैसे देण्यापूर्वी वन विभाग किंवा जाणकार वकील यांचा सल्ला घेणे अनिवार्य समजावे. शिवाय पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशातल्या आप्तांसाठी जुना पियानो घेणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे.

१३/
मुंबईत पियानो होता तरी कोणाकडे? इंग्रज अधिकारी आणि व्यापारी, पारशी घराणी, गोव्याहून आलेली ख्रिस्ती कुटुंबे, मिशनरी शाळा, क्लब आणि हॉटेले. साष्टी आणि वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांत पोर्तुगीज काळापासून चर्चमधल्या गायन-वादनाची परंपरा होतीच. तिच्यातून स्वरलिपी वाचणारे वादक तयार झाले. पारशी समाजातून आलेल्या मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्याच दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेचा जॅझ पियानोवादक टेडी वेदरफोर्ड वाजवत होता. पियानो ऐकण्याचे शहर म्हणून मुंबईचे हे चित्र अनेकांना अपरिचित असते.

१४/
मराठी मध्यमवर्गाने मात्र पेटी आणि ऑर्गन निवडले. किंमत आणि वजन ही कारणे उघडच आहेत. पण संगीताचेही कारण आहे. आघातानंतर पियानोचा स्वर विरत जातो, तर पेटीचा भाता चालेल तोवर स्वर टिकतो. गायकाला साथ हवी असते ती टिकणाऱ्या स्वराची. मींड दोन्ही वाद्यांत नाही, तरी संगीत नाटकाने पायपेटीला आपलेसे केले. ‘काळी चार’, ‘पांढरी एक’ ही गायकांची भाषा युरोपीय पट्टीवाद्यांचीच देणगी. ती मराठीत रुजली पेटीमुळे. मराठी घरांत वारशाने आलेला पियानो क्वचित आढळतो, त्याचे मूळ या निवडीत आहे.

१५/
तरीही मराठी संगीताने पियानोला दार बंद केले नाही. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले, त्याचे संगीत केशवराव भोळे यांचे होते. पुढे प्रभात फिल्म कंपनीत त्यांनी पियानो, व्हायोलिन आणि हवाईयन गिटार यांचा वापर केला. हिंदी चित्रपटात १९४९ च्या ‘अंदाज’मध्ये पियानोवर बसलेला दिलीपकुमार प्रेक्षकांच्या मनात कायमचा राहिला. पडद्यावर श्रीमंती दाखवायची तर दिवाणखान्यात ग्रँड पियानो हवाच, असा जणू संकेतच ठरून गेला.

१६/
बाजारात आज दिसणाऱ्या वाद्यांचे वय राजकीय घडामोडींशी जुळवून पाहावे. १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि ब्रिटिश साम्राज्यात जर्मन माल येणे थांबले. लंडनचे बेखस्टाइन सभागृह सरकारने ताब्यात घेतले आणि १९१७ मध्ये ते विगमोर हॉल झाले. त्यामुळे युद्धकाळात ‘नवा कोरा आणलेला’ जर्मन पियानो ही कहाणी संशयास्पद ठरते. १९४७ च्या आसपास मायदेशी परतणाऱ्या इंग्रजांनी घरसामान विकले. त्यानंतर आयात परवान्यांचे युग आले. ते अनेक दशके टिकले. नवे पियानो दुर्मीळ झाले आणि तीच जुनी वाद्ये घरोघर, शाळेतून क्लबात, क्लबातून स्टुडिओत फिरत राहिली. प्रत्येक मुक्कामी कोणीतरी काहीतरी बदलले.

१७/
हवामानाने आपला वाटा घेतलाच. ध्वनिफलक स्प्रूस या लाकडाचा असतो; पावसाळ्यात तो फुगतो, हिवाळ्यात आकसतो आणि अखेरीस त्याला चिरा जातात. तारा गंजतात, हातोड्यांवरची लोकर कसर खाते, पायांना वाळवी लागते. उष्ण देशांसाठी कारखाने सागवानी लाकडाचे, पितळी स्क्रूंनी आवळलेले खास पियानो बनवत. असे नमुने इथे अधिक टिकले. खरेदीपूर्वी सर्वांत महत्त्वाची परीक्षा खुंट्यांची. ज्या लाकडी फळीत त्या ठोकलेल्या असतात ती फळी चिरली असेल, तर स्वर लावला तरी तासाभरात उतरतो. बिडाच्या चौकटीला तडा असेल, तर वाद्य बहुधा वाजते राहत नाही. बाहेरच्या पॉलिशला या परीक्षेत गुण नाहीत.

१८/
शहराचे अर्थकारणही या वाद्यावर उठले आहे. मुंबईची हद्द दहिसरला संपते आणि पलीकडे मीरा-भाईंदर सुरू होते. पेणकरपाड्यासारख्या नावातला ‘पाडा’ जुन्या छोट्या वस्तीची आठवण ठेवून आहे; भोवती मात्र इमारती उभ्या राहिल्या. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या भागात दक्षिण मुंबईतून अनेक कुटुंबे येऊन स्थिरावली. मोठा ग्रँड नऊ फुटांच्या घरात लांब आणि जवळपास पाचशे किलो वजनाचा असतो. पाय आणि पेडल काढून, आडव्या कडेवर उभा करून, हमालांच्या अनुभवी हातांनीच तो हलवावा लागतो. मटण स्ट्रीटपासून पेणकरपाड्यापर्यंतचा तीस-पस्तीस किलोमीटरचा रस्ता त्यातल्या त्यात सोपा; अवघड असते ती लिफ्ट आणि जिन्याचे वळण. जुन्या घरातून निघालेला ग्रँड नव्या घरात मावत नाही, गिऱ्हाईक मिळत नाही, आणि मग लाकूड व बीड वेगवेगळे करून तो भंगारात जातो.

१९/
म्हणून असा पियानो विकत घेणारा एका अर्थाने त्याला वाचवतो. पण वाचवायचे म्हणजे काय? तो पुन्हा वाजावा असे वाटत असेल, तर तारा, हातोड्या, खुंट्या, कदाचित पट्ट्यांवरचे पत्रेही बदलावे लागतात. मूळ पुरावा तेवढा नाहीसा होतो. ब्रॉडवूडने बेथोव्हेनला पाठवलेला ग्रँड १८१८ मध्ये व्हिएन्नाला पोहोचला, पुढे तो लिस्टकडे गेला आणि आज बुडापेस्टच्या हंगेरियन राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याचे मोल त्याच्या आवाजापेक्षा त्याच्या अखंड वंशावळीत आहे. आपल्याकडे दिनकर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून वस्तू जमवल्या. पुण्यातल्या त्यांच्या राजा केळकर संग्रहालयात वाद्यांचेही दालन आहे. त्या दालनातली वाद्ये सुरात नसली, तरी ती घडवणाऱ्याच्या हाताची साक्ष देतात.

२०/
वाद्य की दस्तऐवज, हा निर्णय शेवटी घेणाऱ्याचा. मात्र दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक दिवस नोंदीसाठी द्यावा. अनुक्रमांक, विक्रेत्याची पट्टी, आतल्या लाकडावर कारागिरांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा, सुटे झालेले भाग, या सर्वांची छायाचित्रे घ्यावीत. जुन्या मालकाला वाद्य कधी आले, कोणाकडून आले, कोण वाजवत असे, हे विचारून लिहून ठेवावे. जुनी पावती वा पत्र असेल, तर त्याची प्रत मागावी. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून वेगळा ठेवावा. त्यातला हस्तिदंत कायद्याच्या चौकटीत काय करायचा ते आधी विचारून घ्यावे. तारा नव्या मिळतील, लोकर नवी मिळेल. जुन्या मालकाच्या घरातले पियानो आठवणारे शेवटचे माणूस गेले, की ती माहिती मात्र पुन्हा मिळणार नाही. म्हणून पहिली भेट ट्यूनरची नव्हे, त्या माणसाची घ्यावी.